फेलोशिपची रक्कम आणि तिच्या तारखा

14 जून

पीएच.डी.च्या प्रवेशाला होकार कळवण्याची मुदत जवळ आली आहे आणि घरात सध्या दुसऱ्याच कामाची घाई आहे. बियाणे आणून ठेवले आहे, खताच्या पिशव्या ओसरीत लागल्या आहेत, आणि पेरणीजोगा पाऊस झाला की घरात उरलेला पैसाही वावरात जाईल. अशा दिवसांत मी पुणे, नागपूर आणि अमरावती या तीन ठिकाणांच्या खर्चाचा हिशोब वहीत मांडत आहे. तो इथे नीट लिहून काढावासा वाटतो, कारण यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या खेड्यातून एम.एस्सी. करून पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना विषय कोणता घ्यावा आणि संस्था कोणती चांगली हे सांगणारे कोणीतरी भेटते, पण पैशाचे सविस्तर सांगणारे सहसा भेटत नाही.

रसायनशास्त्रात सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, नेट ही पात्रता परीक्षा जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) उत्तीर्ण झाल्यामुळे फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठीचे मासिक विद्यावेतन, माझ्या नावावर आहे. 1 जानेवारी 2023 पासून तिची रक्कम महिन्याला 37,000 रुपये आहे, दोन वर्षांनंतर कामाचे मूल्यमापन होऊन एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली की ती 42,000 होते, आणि दोन्ही मिळून मुदत पाच वर्षांची असते. शिवाय संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठी वर्षाला 20,000 रुपयांचे आकस्मिक अनुदान मिळते. मी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेले काय किंवा घराजवळच्या विद्यापीठात गेले काय, ही रक्कम तीच राहते. त्यामुळे ज्याला विचारावे तो एकच सल्ला देतो, की पैसे तेवढेच मिळणार असतील तर स्वस्त गावात राहावे, घर जवळ राहील आणि चार पैसे मागेही पडतील. हा सल्ला वरवर बरोबर दिसतो, आणि काही दिवस मलाही तो पटला होता.

बाबांना मी आकडा सांगितला तेव्हा त्यांनी तो लगेच कापसात मोजला. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, म्हणजे महिन्याची फेलोशिप साडेचार क्विंटल कापसाएवढी झाली, आणि आमच्या कोरडवाहू एकरात बऱ्या वर्षी साधारण तेवढाच माल निघतो. दर महिन्याला एका एकराचे पीक, आणि तेही बियाणे, फवारणी, वेचणीचा खर्च न करता! आईला ते खरेच वाटेना. बाबा मात्र थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “पैसे किती ते समजलं बेटा, पण महिन्याच्या महिन्याले येते का?” वर्षातून एकदा चुकारा मिळणाऱ्या माणसाला रकमेइतकीच तारीखही महत्त्वाची वाटते, आणि या सगळ्या प्रकरणात सर्वांत नेमका प्रश्न त्यांनीच विचारला असे मी मानते.

कारण फेलोशिप महिन्याच्या महिन्याला येतेच असे नाही. रुजू झाल्याचा अहवाल, नोंदणीचे पत्र, बँकेची कागदपत्रे, मार्गदर्शकांची आणि विभागाची सही असे सगळे पुढे गेल्यावर पहिली रक्कम सुरू होते, आणि त्यात काही महिने जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. माझ्या ओळखीच्या एका ताईला एका विद्यापीठात पहिल्या वर्षी बरेच महिने काहीच मिळाले नाही. नंतर थकबाकीसह सगळे एकदम जमा झाले, पण तोपर्यंत तिने मैत्रिणींकडून उसने घेऊन खानावळीचे पैसे भरले होते. ज्या घरात दर महिन्याला पगार येतो त्या घरातल्या विद्यार्थ्याला हा उशीर त्रासदायक असतो, पण झेपतो. आमच्यासारख्या घरात मात्र ऑगस्टमध्ये प्रवेश घ्यायचा म्हणजे नेमक्या त्या दिवसांत अनामत, खोलीचा आगाऊ हप्ता, प्रवेश शुल्क आणि खानावळ उभी करायची, जेव्हा वर्षाची सगळी रोकड मातीत असते आणि कापूस घरात यायला दिवाळी उजाडते. पीककर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही आणि सावकाराच्या दारात जायचे नाही, एवढे मी स्वतःशी पक्के ठरवले आहे. म्हणून कोणत्याही संस्थेचा विचार करताना पहिल्या सहा महिन्यांचा खर्च फेलोशिप मिळणारच नाही असे धरून मांडायला हवा. आईच्या बचत गटातून थोडे मिळेल, उरलेले दादाने त्याच्या आवर्ती ठेवीतून द्यायचे कबूल केले आहे, आणि फेलोशिपची थकबाकी आली की सर्वांत आधी ही दोन देणी फेडायची आहेत.

घरभाड्याचा मुद्दा त्या मानाने सोपा आहे. वसतिगृहात राहणाऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही. बाहेर राहणाऱ्याला तो केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे शहराच्या वर्गावर मिळतो. पुणे वरच्या वर्गात आहे, नागपूर आणि अमरावती मधल्या वर्गात. सातव्या वेतन आयोगाचे मूळ दर वरच्या, मधल्या आणि खालच्या वर्गासाठी 24, 16 आणि 8 टक्के असे आहेत आणि महागाई भत्ता ठरावीक टप्प्यापुढे गेला की तेही वाढतात. 37,000 वर मूळ दराने धरले तर पुण्यात 8,880 आणि नागपुरात 5,920 रुपये होतात, म्हणजे फरक तीन हजारांच्या आत. दोन्ही शहरांतल्या भाड्यांमधला फरक मी चौकशी केली त्यावरून त्याहून मोठा आहे. त्यामुळे पुण्याला जायचे असेल तर वसतिगृह मिळणे ही माझ्या दृष्टीने अटच ठरते.

इथपर्यंतचा हिशोब घराजवळच्या विद्यापीठाच्याच बाजूने जातो. तो पालटतो प्रयोगशाळेत गेल्यावर, आणि हे मला एम.एस्सी.च्या प्रकल्पामुळे कळले. सेंद्रिय रसायनशास्त्रात नवा पदार्थ तयार केला की तो खरोखर तोच आहे हे दाखवण्यासाठी एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारा यंत्रावरचा आलेख, काढावा लागतो. हे यंत्र ज्या विभागात नाही, तिथला विद्यार्थी सिलिका जेलच्या कॉलममधून पदार्थ शुद्ध करतो, काही मिलिग्रॅम भुकटी छोट्या कुपीत भरतो, तिच्यावर क्रमांक चिकटवतो आणि दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडे कुरिअर करतो. नमुन्यामागे शुल्क लागते, रांग असते, आणि आलेल्या आलेखात द्रावकाचे किंवा अशुद्धीचे टोक दिसले की पुन्हा कॉलम, पुन्हा कुपी, पुन्हा कुरिअर आणि पुन्हा शुल्क. एका पदार्थात महिना कसा निघून जातो हे मी पाहिले आहे. जिथे यंत्र त्याच आवारात आहे, तिथे सकाळी दिलेल्या नमुन्याचा आलेख बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत हातात असतो आणि पुढची अभिक्रिया दुसऱ्या दिवशी लावता येते. आकस्मिक अनुदानाचे 20,000 रुपये नमुन्यांचे शुल्क, रसायने आणि काचेचे सामान यांत वर्ष संपण्याआधीच संपतात, आणि मग अनेक विद्यार्थी फेलोशिपमधून स्वतःचे पैसे घालतात. स्वस्त खोलीत वाचलेले पैसे असे प्रयोगशाळेत जातात, ही गोष्ट हिशोबात कोणी धरत नाही.

त्याहून मोठी गोष्ट वेळेची आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात, आणि पुनर्नोंदणीने ती मुदत आणखी वाढू शकते. फेलोशिप मात्र पाचव्या वर्षाअखेर थांबते. नमुन्यांच्या प्रतीक्षेत, रसायनांच्या खरेदीच्या फायलीत किंवा बिघडलेल्या यंत्रात जे महिने जातात, ते सगळे साठून सहाव्या वर्षात उभे राहतात, आणि ते वर्ष विनावेतन असते. 42,000 मिळणाऱ्या माणसाचे एक वर्ष बिनपगारी गेले तर पाच लाखांवर रक्कम बुडते. पाच वर्षे खोलीभाड्यात महिन्याला तीन-चार हजार वाचवले तरी एकूण बचत एक लाख ऐंशी हजार ते दोन लाख चाळीस हजारांच्या घरात जाते. म्हणून काम वेळेत पूर्ण होण्याची शक्यता जिथे जास्त, ती जागा महाग शहरात असली तरी मला स्वस्त पडते, या निष्कर्षावर मी आले आहे.

अर्थात, फेलोशिपची किंमतही पाच वर्षे तीच राहत नाही. नोकरदारांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, फेलोशिपला तो लागू नाही. 2014 मध्ये जेआरएफ 16,000 वरून 25,000 झाली, 2019 मध्ये 31,000 आणि 2023 मध्ये 37,000. दोन वाढींच्या मधल्या वर्षांत भाडे, गॅस आणि तेल वाढतच राहते, आणि 2019 ची वाढ मिळवण्यासाठी देशभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावे लागले होते. त्यामुळे पुढची वाढ गृहीत धरून मी काहीही मांडलेले नाही.

माझी मैत्रीण माझ्यापेक्षा अभ्यासात कमी नाही, पण तिला जेआरएफ मिळाली नाही आणि तिचा हिशोब फारच अवघड आहे. केंद्रीय विद्यापीठात नेटशिवाय मिळणारी फेलोशिप वर्षानुवर्षे महिन्याला 8,000 रुपयांवर थांबलेली आहे, आणि एवढ्यात कोणत्याही शहरात खोली आणि जेवण दोन्ही भागत नाही. एखाद्या प्रकल्पात जेआरएफ म्हणून लागले तर रक्कम बरी असते, पण प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा असतो आणि तो संपला की वेतनही संपते. राहिल्या बार्टी, सारथी आणि नागपूरची महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या, म्हणजे फेलोशिप. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांचे संशोधन त्यांच्याच आधाराने चालू आहे, आणि म्हणूनच त्यांच्या जाहिरातीला, निवडीला आणि वितरणाला उशीर झाला की खेड्यातल्या मुलांचेच नुकसान सर्वांत जास्त होते. संशोधनासाठी माणूस हुशार आहे की नाही हे परीक्षा ठरवते, पण पैसे येईपर्यंत तो तग धरू शकतो की नाही हे त्याच्या घरची परिस्थिती ठरवते. हे मला मनापासून अन्यायाचे वाटते. तिला मी एवढेच सांगितले आहे, की प्रकल्पातली जागा स्वीकारायचीच असेल तर मंजुरीची मुदत किती उरली आहे ते लेखी विचारून घे आणि त्या काळात नेटचा अभ्यास सोडू नकोस.

परदेशाचाही विचार झाला. जर्मनीत पीएच.डी. करणारा बहुधा करारावरचा कर्मचारी असतो आणि त्याला पगार मिळतो, हे मला आवडते. पण व्हिसा, विमानाचे तिकीट आणि तिथला पहिला महिना यांचा खर्च पहिला पगार येण्याआधी आपल्याच खिशातून करावा लागतो. या वर्षी ते आमच्याने होणार नाही.

तर कल पुण्याकडे आहे. आज रात्री तिथल्या मार्गदर्शकांना पत्र लिहायला घेतले आहे. त्यांच्या गटातल्या आधीच्या विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करायला साधारण किती वर्षे लागली, फेलोशिपची मुदत संपल्यावर ज्यांचे काम राहिले होते त्यांची काय सोय झाली, आणि वसतिगृहात पहिल्याच सत्रात जागा मिळते का, असे तीन प्रश्न त्यात आहेत. पैशाचे विचारलेले मार्गदर्शकांना आवडेल का, अशी शंका दादाने काढली. मला वाटते की पाच वर्षे एकत्र काम करायचे असेल तर हे आधीच विचारणे दोघांच्याही सोयीचे आहे, आणि ज्यांना हे प्रश्न खटकतील त्यांच्याकडे सहाव्या वर्षी मी काय मागणार? पत्र बाबांना वाचून दाखवले. पहिली रक्कम रुजू झाल्यापासून किती महिन्यांनी येते, हा चौथा प्रश्न त्यांनी घालायला सांगितला आणि मी तो सर्वांत वर घातला आहे.