रंगीत साखर घरीच करा, फक्त पाणी लांब ठेवा

केकवर, कुकीजवर भुरभुरवतात ना ती चमचमणारी रंगीत साखर, ती विकत आणायची वस्तूच नाहीये असं माझं स्पष्ट मत आहे. साखर घरात असतेच, रंगाची एक बाटली कितीतरी महिने पुरते, आणि हाताचं काम म्हणाल तर जेमतेम दहा मिनिटांचं, बाकीचा वेळ वाळण्यात जातो आणि त्यात आपल्याला काही करायचं नसतं. तरी बऱ्याच जणांची साखर बिघडते, गोळे होतात नाहीतर चिकट राहते, आणि मग सगळे रंगाला नावं ठेवतात. रंगाचा काही दोष नसतो हो, सगळा घोळ पाण्याचा.

हिशोब बघा. साध्या तापमानाला 100 मिली पाण्यात साधारण 200 ग्रॅम साखर विरघळते, म्हणजे साखरेत एक छोटा चमचा, 5 मिली पाणी पडलं की ते 10 ग्रॅम साखर खाऊन टाकू शकतं. आणि ते थोडेसे दाणे निवडून विरघळवत नाही, सगळ्याच दाण्यांची वरची कडा थोडी थोडी झिजवतं, त्याचा पाक होतो, आणि तो पाक वाळला की दोन दाण्यांच्या मधे परत साखर होऊन बसतो. झाला गोळा तयार. वर चमकही जाते, कारण उजेड परततो तो दाण्याच्या सपाट बाजूंवरून, त्या झिजल्या की साखर मळकट दिसते, मग कितीही भारी रंग घाला.

म्हणून पातळ लिक्विड रंग नको, जेल कलर घ्या. तो घट्ट असतो, त्यात रंगाचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे अगदी थोड्यात काम होतं. वाटीभर साखरेला (साधारण 200 ग्रॅम) सुरुवातीला 2-3 थेंब बस, किंवा टूथपिकच्या टोकावर येईल तेवढा. कमी वाटला तर वाढवता येतो, जास्त झाला तर मात्र पांढरी साखर आणखी ओतत बसायचं आणि मग बरणीच मोठी लागते :)

साखर जाड दाण्याची घ्या. बारीक साखरेत सगळ्या दाण्यांची मिळून बाहेरची बाजू खूप जास्त असते, त्यामुळे रंग जास्त लागतो आणि तरी ती फिकीच दिसते. पिठीसाखरेचा तर विचारच करू नका, तिचा सरळ लगदा होतो. जाड साखर मिळत नसेल तर खडीसाखर खलबत्त्यात हलक्या हाताने कुटायची, चाळणीने पीठ वेगळं काढायचं आणि वर राहिलेले दाणे वापरायचे. ते ओबडधोबड येतात पण चमक बघाच, मला तर विकतच्या एकसारख्या दाण्यांपेक्षा हेच आवडतात.

आता करायचं कसं, तर साखर झिपवाल्या पिशवीत घालायची, रंग टाकायचा, हवा काढून पिशवी बंद करायची आणि बाहेरून चोळायचं. पहिली दोन मिनिटं वाटतं की हे काही होत नाही, मधे गडद ठिपके, बाकी सगळं पांढरं, आणि इथेच लोक धीर सोडून चमचाभर पाणी घालतात. नाही घालायचं! चोळत राहायचं, दाण्यावर दाणा घासूनच रंग पसरतो. वाडग्यात चमच्यानेही जमतं पण चमच्याच्या पाठीने दाबून घासायला लागतं, आणि हाताने करणार असाल तर ग्लोव्हज घाला, बोटांचा रंग लवकर जात नाही. ओली असताना साखर गडद दिसते, वाळली की एक शेड उतरते, तेव्हा हवाय त्यापेक्षा थोडा जास्तच रंग येऊ द्या.

पावडर रंग असेल तर वेगळी गंमत. पाण्यात विरघळणारी साधी पावडर कोरड्या साखरेला नीट धरतच नाही, तिला थोडा ओलावा लागतो, आणि ओलावा म्हणजे परत तेच दुखणं. त्यावर बेकिंगवाले एक युक्ती करतात, पावडर वोडकासारख्या कडक दारूच्या काही थेंबांत कालवतात. अल्कोहोलमध्ये साखर जवळजवळ विरघळतच नाही आणि ते उडूनही पटकन जातं, त्यामुळे दाणे शाबूत राहतात. अर्थात कोणाला चालत नसेल तर जेल आहेच.

वाळवायला ताटात किंवा ट्रेमध्ये बेकिंग पेपर घालून पातळ थर पसरा, रात्रभर ठेवा, मधून एकदोनदा बोटं फिरवा. घाई असेल तर ओव्हन 90-100 डिग्रीवर तापवून, बंद करून, मग ट्रे आत दहा मिनिटं. साखर वितळायला साधारण 186 डिग्री लागतात त्यामुळे वितळायची भीती नाही, पण फार वेळ ठेवली तर काही रंग उतरतात. हवा दमट असेल तर ओव्हनच बरा, कारण हवेतला दमटपणा 85 टक्क्यांच्या आसपास गेला की साखर स्वतःच हवेतलं पाणी ओढायला लागते, मग ती रात्रभर काय दोन दिवस उघडी ठेवली तरी वाळणार कशी? वाळल्यावर थोडे गोळे राहतातच, पिशवीत घालून वरून लाटणं फिरवायचं, जोर न लावता.

लाल आणि काळा हे दोन रंग त्रासदायक. गडद यायला खूप जेल लागतं, त्याने साखर ओली होते आणि चव कडवटही लागते. यात मी रंग एकदम न घालता थोडा घालून वाळवते, मग परत थोडा. वेळ लागतो, पण दाणे सुटे राहतात. आणि केशरी हवा असेल तर प्रत्येक वेळी नवीन रंग कालवायची गरज नाही, लाल आणि पिवळी साखर वाळल्यावर एकत्र करा, लांबून केशरीच दिसते आणि जवळून दोन रंगांचे दाणे दिसतात, ते उलट जास्त छान वाटतं.

नैसर्गिक रंगांबद्दल सगळे विचारतात. होतात, पण गुलाबी मागाल तर झगझगीत गुलाबी मिळेल असं नाही. रस वापरला की परत पाणी आलं, त्यामुळे रस आटवून अगदी घट्ट करायचा किंवा वाळवलेली बारीक पावडर घ्यायची. बीटचा रंग सुंदर येतो पण उष्णतेने तपकिरी पडतो, म्हणून बेक केल्यानंतरच वरून घाला. गोकर्णाच्या फुलांचा निळा आंबट लागला की जांभळा होतो, तर लिंबाच्या आयसिंगवर निळ्याचा हट्ट धरू नका. हळद पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून तिचे ठिपके राहतात, आणि उन्हात तिचा रंग लवकर उडतो. हे सगळे रंग थोडे थोडेच करा आणि बरणी कपाटात आत, अंधारात ठेवा.

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून नाही सांगत. आणखी चमक यावी म्हणून काही जण साखरेत लस्टर डस्ट, म्हणजे केक सजवायची चमकदार पावडर, मिसळतात. डबीवर फक्त 'नॉन टॉक्सिक' लिहिलं असेल तर ती खायची वस्तू नाही, खाण्यायोग्य असल्याचं आणि आत काय काय आहे याची यादी असं दोन्ही लिहिलेलं पाहिजे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2021 मध्ये अशा प्रकरणांचा रिपोर्ट दिला होता, त्यात 2018 मध्ये वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं आजारी पडली होती आणि केकवरच्या त्या पावडरीत तांबं निघालं.

राहिलं वापरायचं. कुकीजवर घालायची तर बेक करायच्या आधी, कच्च्या पिठावरच, हलकं दाबून. दाणे ओव्हनमध्ये वितळत नाहीत, तसेच राहतात. आयसिंगवर घालायची तर ते ओलं असतानाच, नाहीतर सगळी साखर घरंगळून टेबलावर. व्हिप्ड क्रीमवर मात्र अगदी वाढायच्या वेळी घाला, अर्धा तास आधी घातली तर क्रीममधलं पाणी लागून साखर विरघळते आणि पांढऱ्यावर रंगाचे ओघळ येतात. बरण्यांच्या तळाशी उरलेले सगळे रंग मी एकाच बरणीत ओतते, ती साखर तर साध्या टोस्टवर बटर लावून घातली तरी झकास लागते.