मॉरमॉन अपडेट: चोर डब्यातच होता

तिसरी बॅचही गेली. भाद्रपदात मागीलदारच्या कढीपत्त्याला पालवी फुटली तेव्हा ऐटीत लिहिलं होतं की यंदा निदान दहा कॉमन मॉरमॉन फुलपाखरं वाढवून उडवणार. कोष झाले अकरा, उडाले दोन. उरलेले नऊ तपकिरी पडले, मग एकेकावर टाचणीने टोचल्यासारखं भोक आणि डब्यात चिलटांएवढ्या गांधीलमाश्या. एका कोषातून 74 निघाल्या. दोनदा मोजल्या, कारण आईचा विश्वास बसेना.

आधी माझी चूक. मागच्या वेळी ठासून म्हटलं होतं की हे ब्रॅकोनिडचं, म्हणजे अळीच्या अंगात वाढणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांचं काम. पण कोटेशियासारखे ब्रॅकोनिड अळी पोखरून बाहेर येतात आणि तिच्याच अंगावर किंवा शेजारी आपले पांढरे कोष विणतात. त्या अळीचा पुढे कोष होतच नाही. माझे कोष तर झकास झाले होते. म्हणजे मार बसला तो कोषावर. भिंगाखाली माद्या काळपट, नर झगझगीत हिरवे: टेरोमॅलस, फुलपाखरांच्या कोषात अंडी घालणारी गांधीलमाशी. लिनियसने 1758 सालीच हिला 'प्युपेरम', म्हणजे 'कोषांची', म्हणून ठेवलं होतं. मला कळायला तीन बॅचेस लागल्या.

मग संशय जाळीवर. ऑनलाइन मागवलेला घडीचा पिंजरा दिसायला देखणा, पण त्याची जाळी मच्छरदाणीची. माशीची लांबी 2-3 मिमी, अंग त्याहून कितीतरी बारीक. ती आरपार जाते. त्या पैशांत चार चांगली भिंगं आली असती. आईच्या जुन्या वॉयलच्या साडीचं कापड शिवून लावलं. वॉयलमधून मुंगीचं पिल्लूही जाणार नाही. तरी तिसऱ्या बॅचमध्ये माश्या आल्याच! दोन दिवस मी पडवीत बसून शिवणीतली भोकं शोधत होतो.

उलगडा झाला मंगळवारी रात्री, वीज गेली तेव्हा. टॉर्च घेऊन सहज डोकावलो. एका अळीने पोट रिकामं करून, काडीला रेशमी दोरा बांधून घेतला होता. प्रीप्युपा, म्हणजे कोष होण्याच्या बेतातली अळी, सकाळपर्यंत कात टाकणार. तिच्या पाठीवर काळा ठिपका. विष्ठेचा कण समजून ब्रशने उडवायला गेलो तर ठिपका दोन पावलं सरकला. दहापटी भिंग लावलं: मिशा खाली, पंख मिटलेले, बाई स्वस्थ बसल्या होत्या. रात्री दोनला तिथेच, पाचला तिथेच. सकाळी कात सरकून मऊ ओला हिरवा कोष बाहेर आला आणि बाईंनी पोटाचं टोक वाकवून अंडी घालायची सुई रोवली.

गंमत अशी की कोष काही तासांत कडक होतो, मग सुई शिरणं कठीण. म्हणून ती कोषात जाऊ घातलेली अळी आधीच हेरते आणि ताटकळत बसते. मी पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतल्या जाडजूड अळ्या फांदीसकट उचलून आणत होतो, त्यांच्याबरोबर पहारेकरीणही आत येत होती. आणि वर वॉयल लावून मी तिला वाऱ्यापावसापासून जपत होतो.

आता मोठ्या अळ्या आणणं बंद. दुसऱ्या अवस्थेतल्या, पक्ष्याच्या शिटीसारख्या दिसणाऱ्या तेवढ्याच आणायच्या, दोन नंबरच्या ब्रशने एकेक झाडून, पाला धुऊन. हे लिहितानाच वाटलं, मग अंडीच का नकोत? लगेच उठून सहा अंडी पानासकट खुडली आणि होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत एकेक ठेवली. अंड्यांतही ट्रायकोग्रामा, म्हणजे अंड्यातच वाढणारी इवलीशी गांधीलमाशी, असू शकते, पण वेगवेगळी ठेवली तर एकाची लागण दुसऱ्याला नाही.

माश्या मारणार होतो. पण शेजारचे नर्सरीवाले काका हसून म्हणाले, "अरे, तुझी फुलपाखरं माझी लिंबाची रोपं फस्त करतात, त्या माश्या मला दे." एक बाटली भरून दिली. कढीपत्त्यावर एक प्रीप्युपा मात्र मुद्दाम उघडा सोडणार आहे, रात्रभर कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावून. तो सुई रोवण्याचा क्षण परवा टॉर्च धरलेल्या हाताने टिपता आला नाही.

ताजा कलम: चौथ्या दिवशी पाच बाटल्यांतल्या अंड्यांत डोक्याचा गडद ठिपका दिसतोय. सहाव्या बाटलीतलं अंडं सगळीकडून एकसारखं काळं.