डोळ्यातलं फूल आणि तपकिरी लेन्स

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात नवरीचा मेकअप ठरवताना लेन्सचा विषय निघाला नाही, असं आता क्वचितच होतं. ग्रे, हेझल, हनी ही नावं मुलींना पाठ असतात. त्यामुळे जयसिंगपूरच्या या मुलीने ट्रायलच्या दिवशी पर्समधून ग्रे लेन्सची जोडी काढून टेबलावर ठेवली, तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मग तिने गडद काचांचा चष्मा उतरवला. डाव्या बुबुळावर बरोबर मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढं पांढरट फूल होतं.

शाळेत असताना उसातून येताना पातं लागलं होतं. आमच्या भागात ही गोष्ट नवी नाही. पात्याची धारदार कड कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा काढते, पात्यावरची बुरशी त्या ओरखड्यात शिरते आणि जखम चिघळत जाते. हिच्या डोळ्यात कुणीतरी सांगितलं म्हणून आधी मध घातला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. जखम भरली, व्रण राहिला. त्या डोळ्याला आता उजेड आणि समोर हललेला हात, एवढंच कळतं.

तिच्या आईचा हिशोब सरळ होता. "ताई, लेन्स घालायचीच आहे तर दोन्हीकडं ग्रेच घालूया. फूल पण झाकंल आणि फोटो पण चांगले येतील."

मी डबी हातात घेतली, पण उघडली नाही. बाजारात मिळणाऱ्या रंगीत लेन्सचा रंग कड्यासारखा असतो. मधला साधारण 5 मिलिमीटरचा गोल पारदर्शक ठेवलेला असतो, नाहीतर माणसाला दिसणारच नाही. म्हणजे हिचं फूल त्याच खिडकीतून बाहेर डोकावलं असतं, आणि भोवती फिकट ग्रे कडं आल्यावर आणखी उठून दिसलं असतं. हे मी त्या दोघींना लेन्सच्या फोटोवर बोट ठेवून दाखवलं. मुलगी पहिल्यांदाच बोलली, "मला ग्रे नकोच होती. मला दोन्ही डोळे सारखे दिसायला पाहिजेत." एवढं स्वच्छ मागणं माझ्याकडे फार थोड्या नवरीमुलींनी केलं असेल.

लेन्सच्या बाबतीत माझा एकच हट्ट असतो, आणि तो इथे सगळ्यात जास्त लागू होता. डोळा तपासून, मापं घेऊन, कागदावर लिहून आणल्याशिवाय मी कुणाच्या डोळ्यात लेन्स घालू देत नाही. पॉवर नसली तरीही. कायद्यानेसुद्धा कॉन्टॅक्ट लेन्स वैद्यकीय उपकरणांत मोडते. ती टिकलीच्या पाकिटासारखी उचलायची वस्तू नाही. मी त्यांना मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं, आणि मलाही उजेडाचा अंदाज घ्यायचा होता म्हणून दुसऱ्या खेपेला सोबत गेले.

तिथे जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी कॉर्निया लेन्स पेलेल का ते तपासलं. व्रणाच्या जागी संवेदना कमी असते, त्यामुळे काही बिघडलं तरी दुखून कळेलच असं नाही. म्हणून वेळेची शिस्त इतरांपेक्षा कडक. मग ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्मा-लेन्स बसवणाऱ्या बाईंनी मापं घेतली. तयार लेन्सवर 8.6 बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई) आणि 14.2 व्यास असे मिलिमीटरमधले आकडे छापलेले असतात आणि बऱ्याच डोळ्यांना ते चालून जातात. व्रणामुळे खडबडीत झालेल्या कॉर्नियावर तशी लेन्स घसरते. साधी लेन्स थोडी सरकली तर फारसं कळत नाही, पण फूल झाकायला हिची लेन्स मुद्दाम बनवून घ्यायची होती, आणि तिच्यावर मधोमध काळी बाहुली रंगवलेली असणार होती. लेन्स सरकली की बाहुली सरकणार आणि नवरी तिरळी दिसणार.

रंग जुळवायला त्यांनी तिला ट्यूबलाइटखालून उठवून खिडकीशी बसवलं. चांगल्या डोळ्याशेजारी नमुन्याच्या चकत्या धरत गेल्या. आपण सगळ्या "काळे डोळे" म्हणतो, पण उजेडात हिचं बुबुळ गडद चहाच्या रंगाचं निघालं, कडेला जवळजवळ काळी रेघ. बघणाऱ्याच्या नजरेत आधी भरते ती ही कडेची रेघ आणि बाहुली. मधल्या बारीक छटा दोन हातांवरून दिसत नाहीत. म्हणून त्यांनी रेघेवर सर्वात जास्त वेळ घालवला. अडचण बाहुलीच्या आकाराची होती. खरी बाहुली उन्हात दोन-तीन मिलिमीटरची होते, अंधारात सात-आठपर्यंत पसरते. रंगवलेली आहे तेवढीच राहते. त्यांनी मला विचारलं, "कार्यालयात उजेड कसा असतो?" मेकअपवालीला हा प्रश्न कुणी विचारावा याचं मला फार बरं वाटलं. मी सांगितलं, स्टेजवर झगझगीत, पण बाकी मध्यम. मग 4 मिलिमीटर ठरली.

लेन्स बनून आल्यावर तिने रोज थोडा थोडा वेळ घालून सवय केली. इकडे मी माझी तयारी बदलली. नखं लांब ठेवायची नाहीत, एक्स्टेंशन तर नाहीच. हळदीच्या दिवशी लेन्स बंद. बऱ्याच सॉफ्ट लेन्सच्या प्लास्टिकमध्ये साधारण 38 ते 55 टक्के पाणी असतं. जे पाणी शोषतं ते हळद, अत्तर, क्रीमही शोषतं. आणि नळाच्या पाण्याचा थेंबही लेन्सला लावायचा नाही, त्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो आणि त्याचा संसर्ग डोळ्याची दृष्टी घेऊन जातो.

लग्नाच्या दिवशी पहाटे खोलीत मी आधी हेअरस्प्रे उरकून घेतला. मग तिने साध्या साबणाने हात धुतले, सुती कापडाने नीट कोरडे केले आणि लेन्स बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात धरली. कड वाटीसारखी उभी होती, म्हणजे सुलट. खालची पापणी ओढली, वर बघितलं, एक उघडझाप. झालं. त्यानंतर मी फाउंडेशनची बाटली उघडली. लेन्स आधी, मेकअप नंतर; हा क्रम मी कुणासाठीही बदलत नाही.

आरशात बघताना मला एक गोष्ट जाणवली. लेन्सने बुबुळ सारखं केलं होतं, पण त्या डोळ्याची पापणी किंचित खाली होती, जखमेनंतर राहिलेली. तिथे माझं काम सुरू होत होतं. डाव्या पापणीवर लायनर मधोमध केसभर जाड घेतला आणि खोबणीची सावली भुवईकडे थोडी वर चढवली, त्यामुळे डोळा उघडा दिसायला लागला. उजवीकडे हेच थोडं कमी. बुबुळ चहाच्या रंगाचं, शालू आमसुली, म्हणून पापणीवर तांबूस ब्राँझची क्रीम शॅडो बोटाने थापली. सुटी पावडर नाही, ग्लिटर तर अजिबात नाही. त्याचा एक कण लेन्सखाली गेला तर कॉर्नियावर घासत राहतो. काजळ पापणीच्या आतल्या कडेला न भरता केसांच्या मुळांशी बाहेरून पेन्सिलने लावलं. आतल्या कडेवर तेलाच्या ग्रंथींची तोंडं असतात, तिथलं काजळ डोळ्यातल्या पाण्यात मिसळून लेन्सवर पडदा धरतं. मुंडावळ्या बांधल्यावर मोत्यांच्या सरी डोळ्यावर येणार नाहीत अशा कानाकडे पिनने अडकवल्या.

फोटोग्राफरशी मी आदल्या दिवशीच बोलले होते. समोरून थेट लाइट मारला की खरी बाहुली आक्रसणार आणि रंगवलेली तशीच राहणार, मग फरक दिसणार. त्याने लाइटला सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारा कापडी डबा, लावला आणि दोन्ही बाजूंनी तिरका ठेवला. चांगला पोरगा, का म्हणून विचारत बसला नाही.

मी तिला खोलीतून बाहेर घेऊन आले तेव्हा तिची आज्जी दाराशी खुर्चीवर बसली होती. तिने नातीची हनुवटी धरून चेहरा आधी एका बाजूला फिरवला, मग दुसऱ्या. आणि विचारलं, "कुठल्या डोळ्यात होतं गं?"

ज्या बाईने मांडीवर घेऊन त्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले होते, ती हे विचारत होती. माझे हात थरथरायला लागले. या कामात इतकी वर्षं घालवून इतका आनंद मला क्वचित झाला असेल.

बाकीचा दिवस सांभाळण्यातच गेला. अक्षता पडताना नजर खाली ठेव, असं तिला बजावलं होतं. अंतरपाट सरला तेव्हा तिने मान वर केली, सरळ. नवरदेवाला फूल पहिल्या भेटीतच दाखवलेलं होतं, त्यामुळे लपवाछपवीचा प्रश्न नव्हता; तो तिच्याकडे बघून हसला आणि बायकांनी त्याला चिडवलं. लाजाहोमाच्या धुराने डोळा झोंबायला लागला तेव्हा मी ऑप्टोमेट्रिस्ट बाईंनी दिलेले लेन्सवर चालणारे थेंब घातले, टिश्यूचं टोक फक्त कोपऱ्याला लावलं. पाठवणीला ती भरपूर रडली. रडू दे, म्हटलं. मस्कारा टिकणारा होता आणि लेन्सही जागची हलली नाही.

गाडीत बसण्याआधी मी तिला बाजूला घेऊन लेन्स काढायला लावली. तेलकट क्लिन्झर लावण्यापूर्वी लेन्स बाहेर आली पाहिजे, आणि लेन्स घालून झोपायचं नाही म्हणजे नाही. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो हवेतून ऑक्सिजन घेतो. वर लेन्स आणि त्यावर मिटलेली पापणी, अशी रात्र त्याला झेपत नाही. डबीत ताजं सोल्यूशन भरून तिच्या धाकट्या बहिणीच्या हातात दिली.

आता त्या बहिणीचं लग्न ठरलंय. परवा हिचाच फोन आला, "ताई, करवलीला स्मोकी आइज चालतील का? लेन्स असतानाही?" चालतील की. पेन्सिलने करू, गडद तपकिरी, काळ्याच्या वाटेला जायचं नाही. पण त्याआधी मिरजेला जाऊन लेन्स तपासून ये आणि डबी बदल, तिला तीन महिने होऊन गेलेत.