लॅपटॉपचा आवाज पलीकडच्या खोलीत नेताना

माझा लॅपटॉप एका खोलीत आणि चांगले स्पीकर दुसऱ्या खोलीत, तिथल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेले. मध्ये जाड भिंत, त्यामुळे ब्लूटूथचा उपयोग नव्हता. दोन्ही मशीनवर लिनक्स, दोन्ही घरच्याच वायफायवर. म्हटलं, आवाज नेटवर्कवरूनच नेऊ.

लिनक्सवर आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओ या प्रोग्राममध्ये याची सोय आधीपासूनच आहे. सुरुवातीला मी आरटीपीचा, म्हणजे नेटवर्कवरून आवाज सलग पाठवत राहण्याच्या एका पद्धतीचा, मार्ग धरला, कारण तो सगळ्यात सोपा दिसत होता: लॅपटॉपवर पाठवणारं मॉड्यूल (पल्सऑडिओला जोडायचा छोटा भाग), पलीकडे घेणारं मॉड्यूल, संपलं. कुणाचा पत्ताही टाकावा लागत नाही. पाठवणारं मॉड्यूल २२४.०.०.५६ या मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना ऐकता येणाऱ्या, पत्त्यावर आवाज सोडतं आणि घेणारं तिथेच कान लावून बसतं. सोर्स म्हणून स्पीकरचा 'मॉनिटर' निवडला, म्हणजे स्पीकरकडे जे जातं त्याचीच प्रत. दोन मिनिटांत पलीकडून गाणं ऐकू आलं. मी धावत तिकडे गेले, तर तोवर ते तुटायला लागलं होतं. दोन शब्द नीट, मग कट्-कट् करत अर्धा शब्द, मग शांतता, मग पुन्हा भलत्याच ओळीवरून सुरू.

बफर, म्हणजे वाजण्याआधी साठवून ठेवलेला आवाज, वाढवून पाहिला. काही फरक नाही. वायफायचा वेग मोजला तर भरपूर होता, त्यामुळे संशय तिकडे जाईचना. दोन संध्याकाळी यातच गेल्या. धागा सापडला तो आईच्या बोलण्यातून. ती म्हणाली, "अगं, तू गाणं लावलंस की माझा व्हिडिओ कॉल अडकतो." मी गाणं थांबवलं, कॉल सुरळीत. पुन्हा लावलं, पुन्हा अडकला.

मग मल्टिकास्ट वायफायवर कसं चालतं ते नीट वाचलं. एकाच मशीनसाठी असलेलं पॅकेट राउटर त्या मशीनला झेपेल त्या वेगाने देतो, पोच घेतो, आणि पोच आली नाही तर पुन्हा पाठवतो. मल्टिकास्ट मात्र सगळ्यांसाठी असतं. ते सगळ्यांत मंद मशीनलाही ऐकू जावं म्हणून बहुतेक राउटर ते सगळ्यात कमी वेगाने सोडतात, आणि पोच तर कुणीच देत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर हा वेग सेकंदाला १ मेगाबिट इतका कमी असू शकतो. आणि माझा आवाज? ४४,१०० सॅम्पल, प्रत्येक १६ बिटचं, दोन चॅनेल: सेकंदाला १४,११,२०० बिट. म्हणजे जिथे एक लिटर मावतं तिथे मी सुमारे दीड लिटर ओतत होते, आणि हवा एकच असल्यामुळे आईच्या कॉललाही जागा उरत नव्हती. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा खरोखर हायसं वाटलं.

आरटीपी बंद केलं आणि टनेल, म्हणजे एकाच मशीनकडे थेट जाणारी वाट, वापरायचं ठरवलं. यात जुना कॉम्प्युटर ४७१३ पोर्टवर (नेटवर्कच्या त्या क्रमांकाच्या दारावर) टीसीपी, म्हणजे पोच घेऊन चालणारं, कनेक्शन स्वीकारतो आणि लॅपटॉपवर आउटपुटच्या यादीत एक नवीन नाव दिसायला लागतं. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडलं, तरी पहिल्यांदा नकारच आला. दोन्हीकडची कुकी, म्हणजे ओळख पटवणारी २५६ बाइटची फाइल, वेगळी होती. अशा वेळी अनेक जण सरळ कुणालाही विना-ओळख आत येऊ देणारा पर्याय चालू करतात. कृपा करून तसं करू नका. त्या दारातून फक्त आवाज आत येत नाही, त्या मशीनचा माइकही ऐकता येतो. मी लॅपटॉपवरची कुकी पेन ड्राइव्हने तिकडे नेली आणि पल्सऑडिओ पुन्हा सुरू केलं. यादीत पलीकडचं साउंड कार्ड दिसलं, त्यावर क्लिक केलं, आणि अख्खं गाणं न तुटता ऐकलं. आईचा कॉल त्याच वेळी चालू होता.

बाकी किरकोळ. राउटर बंद-चालू झाला की जुन्या कॉम्प्युटरचा आयपी बदलायचा, म्हणून राउटरमध्ये तो कायमचा बांधून टाकला. मॉड्यूलच्या ओळी डीफॉल्ट डॉट पीए या पल्सऑडिओ सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये लिहिल्या, नाहीतर मशीन रीस्टार्ट झालं की सगळं पुन्हा करावं लागतं. आवाज थोडा उशिरा पोचतो, पण व्हिडिओ प्लेअरला हा उशीर कळवला जातो आणि तो चित्र तेवढं मागे ठेवतो, त्यामुळे ओठ आणि शब्द जुळतात. गेममध्ये मात्र हे शक्य नाही. बटण दाबल्यावर आवाज मागाहून येतो, म्हणून गेम खेळताना मी अजूनही हेडफोनच लावते.