खापराचा कल

माठ घेताना आपण टिचकी मारतोच. उत्खननात निघालेल्या खापरांची परात टेबलावर ओतली की पहिलं काम तेच. खणखणीत वाजलं तर बहुधा जोर्वे: चाकावर घडवलेलं, पातळ, तांबडं, वर काळ्या रेघांची नक्षी. गाव संगमनेर तालुक्यातलं, प्रवरेकाठी. तिथं १९५०-५१ साली उत्खनन झालं आणि या भांड्यांना गावाचंच नाव पडलं. बद्द वाजलं तर मोडलेल्या कडेकडं बघायचं. मधला थर काळा राहिला असेल तर आच आतपर्यंत पुरली नव्हती. तळाला काजळी असेल तर ते चुलीवरचं.

काठाचा तुकडा मिळाला की खरी मजा. तो उपडा टेकवायचा, मागून उजेड धरायचा आणि फट बुजेपर्यंत झुकवत राहायचं. फट बुजली की तोच भांड्याचा कल. मग एकात एक वर्तुळं काढलेल्या कागदावर कड जुळवून व्यास काढायचा. घाई केली की वाडग्याची थाळी होते. दोन बोटं रुंदीच्या तुकड्यावर तर मुळीच विसंबू नये. तुकड्याच्या नोंदीचा नंबर आतल्या बाजूला घालायचा. मोडलेल्या कडेवर कधीच नाही, उद्या जोडीदार सापडला तर?

तोटीचं भांडं मात्र लबाड. तोटी वेगळी वळून खांद्याला चिकटवलेली, म्हणून सुटते तीही तिथेच. नुसती तोटी हाती आली की नवखा तिला हमखास दुसरंच काही समजतो.

आपल्याकडं खापर दुसऱ्याच्या माथी फोडतात, लगोरीत रचतात, ठिकरीत सरकवतात. पणजोबांच्या वडिलांनाही खापरपणजोबा म्हणतात, ते का कोण जाणे.

शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीकाठी, तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली जोडीजोडीनं घट सापडले. राखाडी, जाडसर, हातानं घडवलेले. खड्ड्यात आडवे, तोंडाला तोंड लावून. शेजारी वाडगा, तोटीचं भांडं. हे घट टिचकी मारून बघायचे नसतात. माती चमच्याचमच्यानं काढायची आणि चाळायची, कारण आत तान्ह्या मुलाची हाडं असतात, आणि दुधाचे दात तांदळाएवढे.