सिअॅटलमध्ये हेंड्रिक्सची उलटी गिटार

डाउनटाउनमधून मोनोरेल पकडली की ती थेट म्युझियम ऑफ पॉप कल्चरच्या इमारतीतून आरपार जाते. फ्रँक गेहरीने ही इमारत आखताना इलेक्ट्रिक गिटार आणून कापल्या आणि त्या तुकड्यांवरून आकार शोधले. लाल, निळा, सोनेरी पत्रा लाटांसारखा वळलेला. बाहेरूनच डोळे दिपतात. मी मात्र आले होते एकाच गिटारसाठी.

ती काचेमागे आहे. १९६८ सालची फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) इलेक्ट्रिक गिटार, पांढरी, वयाने जराशी पिवळसर झालेली. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स याच सिअॅटलचा. १८ ऑगस्ट १९६९च्या सकाळी वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात त्याने हिच्यावर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. तोवर बरीचशी गर्दी घरी परतली होती. चाल ओळखीची ठेवून मधेच त्याने तारांमधून बॉम्ब पाडले, भोंगे वाजवले. व्हिएतनाममध्ये युद्ध पेटलेलं होतं आणि वाजवणारा स्वतः कधीकाळी सैन्यात पॅराट्रूपर होता. ते वादन मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे आणि अजूनही अंगावर काटा येतो.

मी काचेला नाक लावून बराच वेळ उभी राहिले. हेंड्रिक्स डावखुरा, गिटार उजव्या हाताची. त्याने ती सरळ उलटी धरली आणि तारा आपल्या सोयीने पुन्हा लावल्या. त्यामुळे आवाजाची बटणं आणि सूर हलवणारा ट्रेमोलोचा दांडा वरच्या बाजूला गेले. तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या ब्रिजजवळचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारा भाग, स्ट्रॅटवर तिरका बसवलेला असतो. एरवी त्याचं पातळ तारांकडचं टोक ब्रिजच्या जवळ असतं, म्हणून त्या तारा धारदार वाजतात. इथे जाड तारा ब्रिजजवळच्या टोकावर आल्या. खर्ज स्पष्ट झाला आणि वरचे सूर थोडे मऊ. त्याच्या आवाजातला काही भाग या उलटेपणातूनच आला, असं मला ठामपणे वाटतं.

पुढे ही गिटार त्याच्याच बँडचा ड्रमर मिच मिचेल याच्याकडे गेली. १९९०मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात ती १,९८,००० पौंडांना विकली गेली, आणि नंतर मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांनी घेतली. हे म्युझियम त्यांनीच उभारलं. ते नसते तर ही गिटार एखाद्या श्रीमंताच्या तिजोरीत असती आणि आपल्याला दिसली नसती. अशा वस्तू लोकांसमोरच राहायला हव्यात.

साउंड लॅबमध्ये पाहुण्यांना गिटार वाजवता येते. बेलव्ह्यूला राहणारा माझा भाचाही डावखुरा. त्याने लगेच एक गिटार उलटी धरली. "मावशी, जाड तार खाली आली! कॉर्डच लागत नाहीये." म्हटलं, नुसतं उलटून भागत नाही रे, जिमीने सगळ्या तारा काढून उलट क्रमाने लावल्या होत्या. मग तो एकेका तारेवर बोट ठेवून, ती कुठे लावावी लागेल हे मोजत बसला.