भीती कधी गेली? तुम्ही विचारलंत म्हणून

महिलांच्या मेळाव्यात, तरुण संघाच्या शिबिरात, कधी नुसती एसटीची वाट बघताना हा प्रश्न मला हमखास येतो. "बाई, तुम्ही आधी शेवटच्या बाकावर बसायचात. आता मंडळीच्या सेक्रेटरी आहात, चर्चमध्ये उभं राहून बायबलचं वचन सांगता. भीती गेली कशी?" विचारणारी बहुतेक वेळा स्वतःसाठीच विचारत असते, हे तिच्या चेहऱ्यावरून कळतं. दोन मिनिटांत काहीतरी सांगून तिला वाटेला लावणं माझ्या मनाला पटत नाही, म्हणून आज नीट लिहिते.

भीती गेली नाही. रविवारी सकाळी आजही चहा घशाखाली उतरत नाही. एवढंच झालं, की त्या भीतीला नम्रता म्हणायचं मी सोडलं.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, नगर जिल्ह्यातली, पन्नास-पंचावन्न घरांची. आमचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब, त्यांच्याकडे आणखी तीन गावं. मी पतसंस्थेत कॅशियर होते, त्यामुळे दानार्पण मोजायचं आणि वहीत चढवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. अकरा वर्षं मी ते केलं. शास्त्रपाठ वाच, प्रार्थना चालव, असं कोणी म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं, "मी आपली वहीतली माणूस." लोक म्हणायचे, बाई किती साधी आहे, कधी पुढे पुढे करत नाही. ते ऐकायला मला आवडायचं, हेही खरं.

आमच्या गल्लीत एक काका होते, सुतारकाम करायचे. घशाचा कर्करोग झाला आणि ते अंथरुणाला खिळले. संध्याकाळी घरी जाताना मी त्यांच्याकडे थांबायचे आणि बायबलमधली स्तोत्रं वाचून दाखवायचे. डोंगरांकडे डोळे लावणारं १२१ वं स्तोत्र त्यांचं सगळ्यांत आवडतं. त्यांचा आवाज गेला होता. पुन्हा वाच म्हणायचं असलं की ते पलंगाच्या कडेवर बोटाने दोनदा टकटक करायचे. पलंग त्यांनीच केलेला, सागवानी. कधी कधी मी ते स्तोत्र एका बैठकीत चार वेळा वाचलंय.

काका गेले ते ऐन पावसाळ्यात. पाळकसाहेब पलीकडच्या गावात अडकलेले, मधला पूल पाण्याखाली. थांबणं शक्य नव्हतं. कबरीपाशी सगळे छत्र्या धरून उभे, आणि काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू वाच ना गं." मी मान हलवली. "मला नाही जमायचं काकू. पंचांपैकी कोणीतरी वाचू द्या." मंडळीचा कारभार बघणारे ते पंच एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एकाने प्रभूची प्रार्थना सुरू केली, निम्म्यावर त्याचा गळा भरून आला, बाकीच्यांनी ती कशीबशी पुरी केली आणि माती लोटली. माझं बायबल माझ्या पिशवीत होतं, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. आतली खूण १२१ व्या स्तोत्रावरच होती.

आठवड्याने मी भेटायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "रागावले नाही गं तुझ्यावर. पण रोज तुझाच आवाज कानावर होता त्यांच्या. त्या दिवशीही असता तर बरं झालं असतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या त्या साधेपणाची किंमत काकूंनी मोजली होती. मी स्वतःला मागे ठेवते म्हणजे कोणाचं काही बिघडत नाही, असं मी अकरा वर्षं धरून चालले होते. आणि कळलं ते आणखी एक. त्या घरात पलंगाशेजारी बसून मी जे करत होते, ती मंडळीची सेवाच होती. फक्त बसून केली, की ती मला जमत होती. उभं राहायचं म्हटलं, की जमत नव्हती. मधली रेघ मीच ओढलेली.

मग मी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचे तिसरा आणि चौथा हे अध्याय पुन्हा पुन्हा वाचले. आपल्या लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवायला देव मोशेला पाठवतो, आणि मोशे पाच वेळा मागे सरतो. मी कोण? तुझं नाव काय सांगू? लोकांनी विश्वास ठेवला नाही तर? मला बोलता येत नाही. आणि शेवटी, दुसऱ्या कोणालातरी पाठव. पहिल्या चारही वेळा देव त्याला उत्तर देतो, धीर देतो, चिन्हं देतो. देवाचा कोप भडकतो तो पाचव्या वेळी. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले होते, पण हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. शंका विचारली, अडचण सांगितली, त्याचा राग नाही. "दुसऱ्याला पाठव" इथे मात्र तो रागावतो. "पंचांपैकी कोणीतरी वाचू द्या" हे माझं पाचवं वाक्य होतं. आणि कोप भडकला तरी देव मोशेसोबत बोलायला त्याचा भाऊ अहरोन याला देतोच, ही त्या अध्यायातली मला सगळ्यांत जवळची गोष्ट.

माझा अहरोन म्हणजे आमच्या मंडळीतले एक निवृत्त गुरुजी. त्यांनी मला आधी घरप्रार्थनेत वाचायला लावलं, दहा-बारा माणसांसमोर. वचन संपलं की श्वास घ्यायचा, स्वल्पविरामाला घाई करायची नाही, अवघड नावं आदल्या रात्री मोठ्याने म्हणून ठेवायची. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय त्यांनी मुद्दाम दिला. यरुशलेमचा कोट कोणी कुठला भाग बांधला, त्या नावांची ती यादी. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती नावं म्हणायचे. त्या यादीत सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारे आहेत, व्यापारी आहेत, आणि शल्लूमाच्या मुली आहेत. कितीतरी जण आपापल्या घरासमोरचा कोट बांधताहेत. ते वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, माझ्या वाट्याचाही एक तुकडा तसाच पडून आहे.

पहिला संदेश दिला त्या रविवारी मी मध्येच अडकले. पुढचं काही केल्या आठवेना, कागदावरची अक्षरं दिसेनात. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मावशीने गीत सुरू केलं आणि सगळी मंडळी गायला लागली. दोन कडवी होईपर्यंत मी पाणी प्यायले, कागद हातात नीट धरला आणि उरलेलं बोलले. कोणी काही म्हटलं नाही. उपासना सुटल्यावर "सलाम बाई" म्हणून हात हातात घेणारी माणसं रोजच्यासारखीच होती.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंची आणि लक्ष्मीबाई टिळकांची नावं आदराने घेतात, पण बहुतेक वेळा त्यांना इतकं उंच नेऊन ठेवतात की आपला काही संबंधच उरत नाही. मला ते खटकतं. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली पाच वर्षं त्यांनी नवऱ्याच्या पाठोपाठ जायचं म्हणून पाऊल उचललं नाही, स्वतःच्या मनाला पटेपर्यंत थांबल्या. १९१९ साली टिळक गेले आणि ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. ते कोणी पुरं केलं? लक्ष्मीबाईंनी. रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा, निराधार बायका-मुलींच्या त्या आश्रमाचा, एवढा संसार सांभाळत, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ साली जाईपर्यंत त्यांचं तेच काम चाललं होतं. मला एवढं शिक्षण नाही, माझं वय झालं, असं कोणी म्हणालं की मी या दोघींबद्दल सांगते. त्यांच्याएवढं व्हा, असं माझं म्हणणं नाही. पण शिक्षण आणि वय ही दोन कारणं तरी बाजूला ठेवा.

आता एक गोष्ट, जी मला कोणी विचारत नाही. सेक्रेटरी झाल्यावर मी दुसरं कुंपण घातलं. हे पहिल्यापेक्षा वाईट, कारण बाहेरून ते मेहनतीसारखं दिसतं. सगळं मीच करायचं. पत्रं मी, हिशेब मी, नाताळच्या प्रीतिभोजनाचा तांदूळ मी, चावीसुद्धा माझ्याच पर्समध्ये. दुसऱ्याला जमणार नाही, हे मी गृहीत धरलं होतं, जसं आधी स्वतःला जमणार नाही हे गृहीत धरलं होतं. मोशेचंही तेच झालं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे वाद मिटवत बसला, आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला म्हणाला, हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम.

मी दानार्पणाची वही एका बारावी झालेल्या मुलाकडे दिली. पहिल्याच महिन्यात अडतीस रुपयांचा फरक आला. माझा हात वहीकडे गेला होता. कॅशियरचा हात तो, चुकीची बेरीज समोर दिसत असताना गप्प बसणं फार कठीण. पण मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि त्यालाच शोधू दिलं. पाऊण तास लागला. एक नोंद दोनदा धरली होती. आज तो खजिनदार आहे आणि माझ्यापेक्षा जास्त स्वच्छ वही ठेवतो.

सगळ्याच मर्यादा तोडायच्या असतात, असं मात्र मी कोणाला सांगत नाही. घरात आजारी माणूस असेल, अंगात ताकद नसेल, तर थांबणं हीही सेवाच. मी स्वतःला एकच गोष्ट विचारते. मी नाही म्हटल्यावर कोणी तसंच उभं राहील का, पावसात, कबरीपाशी, काहीतरी ऐकायची वाट बघत?

गेल्या वर्षी काकू गेल्या. पाळकसाहेब या वेळी हजर होते, पण काकूंनी आधीच सांगून ठेवलं होतं, १२१ वं स्तोत्र हिने वाचायचं. पाऊस नव्हता, वारा होता. माझा हात इतका थरथरत होता की पानं उडायला लागली. काकूंची नात पुढे आली, तिने दोन्ही हातांनी माझं बायबल धरलं आणि मी वाचलं.